कामाचे ठिकाण आणि घर : मुंबईतील नोकरदार कुटुंबाच्या 'दूरच्या घरा'च्या निर्णयाचा ऐतिहासिक अभ्यास (१८५३ ते २०२५)

सारांश :

मुंबई महानगरात काम करणाऱ्या कुटुंबाने कामाच्या ठिकाणापासून दूर घर घ्यावे की नाही, हा प्रश्न आज प्रामुख्याने किमतीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. गिरणी कामगारांनी गिरणीजवळची कोंदट खोली का सोडली नाही, १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या चाळी रिकाम्या का राहिल्या, स्वातंत्र्योत्तर काळात पगारदार मध्यमवर्गाने डोंबिवली-विरारची वाट का धरली आणि गिरणी कामगारांच्या वारसांनी अलीकडे शेलू-वांगणीच्या घरांना विरोध का केला, या चार प्रसंगांच्या आधारे सदर निर्णयामागील कारणांची मीमांसा केली आहे.

बीजशब्द : मुंबई, गिरणगाव, बी.डी.डी. चाळी, उपनगरी रेल्वे, मालकी हक्काची सदनिका, डोंबिवली, नवी मुंबई.

प्रस्तावना :

मुंबईच्या मराठी बोलीत राहण्याच्या ठिकाणाला अनेक शब्द आहेत. 'बिऱ्हाड', 'खोली', 'जागा', 'ब्लॉक', 'फ्लॅट' आणि 'घर' हे सर्व शब्द वरकरणी एकाच वस्तूचे वाचक वाटतात. परंतु त्यांचा वापर सारखा नाही. गिरणीत काम करणारा माणूस मुंबईत 'खोली'वर राहत असे आणि सुट्टीत 'घरी' जात असे. हे घर रत्नागिरी, सातारा किंवा पुणे जिल्ह्यातील एखाद्या गावी असे. पुढच्या पिढीने मुंबईजवळ 'ब्लॉक घेतला'. त्यानंतरच्या पिढीने 'फ्लॅट बुक केला'. शब्दांच्या या प्रवासात मुंबईच्या सामाजिक इतिहासाचा एक मोठा भाग सामावलेला आहे.

प्रस्तुत अभ्यासकाच्या कुटुंबातही हा प्रवास घडला आहे. आजोबा लालबाग परिसरातील गिरणीत कामाला होते आणि गिरणीचा भोंगा ऐकून खोलीतून निघाले तरी वेळेवर पोहोचत. वडील फोर्टमधील एका कचेरीत लिपिक होते आणि १९८० च्या दशकात त्यांनी डोंबिवलीत दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. आज प्रस्तुत अभ्यासक दक्षिण मुंबईतील एका महाविद्यालयात अध्यापन करीत असून, बदलापूरच्या पलीकडे घर घ्यावे की भाड्याच्या घरात राहावे, हा विचार घरात सुरू आहे. तीन पिढ्यांत काम जवळपास त्याच परिसरात राहिले, घर मात्र सातत्याने दूर सरकत गेले. असे का घडले, हा प्रश्न केवळ एका कुटुंबाचा नाही. म्हणूनच तो इतिहासाच्या अभ्यासाचा विषय ठरतो.

संशोधनाची उद्दिष्टे :

१) मुंबईतील कामाचे ठिकाण व निवासस्थान यांतील अंतराच्या वाढीचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) दूर घर घेण्याच्या किंवा न घेण्याच्या निर्णयामागील आर्थिक, कायदेशीर व सामाजिक कारणे शोधणे.
३) या निर्णयाची किंमत कुटुंबातील कोणत्या घटकाने मोजली, याचा शोध घेणे.

गृहीतक :

घर किती दूर असावे हे केवळ घराच्या किमतीवर ठरत नसून, कामाचे स्वरूप, प्रवासाचे साधन, भाडेकरूविषयक कायदा व कर्जाची उपलब्धता यांवर ठरते.

संशोधन पद्धती :

सदर शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. जनगणनेतील आकडे, गृहनिर्माणविषयक कायदे, बर्नेट-हर्स्ट यांचा मुंबईतील कामगार व त्यांची घरे या विषयावरील १९२५ चा ग्रंथ, राजनारायण चंदावरकर यांचे मुंबईच्या कामगारवर्गावरील संशोधन आणि मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील लोकांच्या मुलाखतींतून साकारलेला मौखिक इतिहास यांचा विचार येथे केला आहे. कौटुंबिक आठवणींचा उपयोग पुरावा म्हणून नव्हे, तर प्रश्न उपस्थित करण्यापुरता केला आहे.

विषय विवेचन :

१) रेल्वे आली, पण कामगार दूर गेला नाही

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी रेल्वे धावली. हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर होते. पुढच्याच वर्षी हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. १८६७ मध्ये पश्चिमेकडील मार्गावर विरारहून मुंबईस उपनगरी गाडी सुरू झाली. याच सुमारास गिरण्यांचाही उदय झाला. कावसजी दावर यांच्या ताडदेव येथील गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि शतकाच्या अखेरीस परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा परिसर 'गिरणगाव' म्हणून ओळखला जाऊ लागला. म्हणजेच दूर राहून रेल्वेने कामावर येण्याची तांत्रिक सोय गिरणी कामगाराच्या पहिल्या पिढीपासूनच उपलब्ध होती. तरीही बहुसंख्य कामगार गिरणीपासून पायी जाता येईल अशाच अंतरावर राहिले. एका खोलीत आठ-दहा माणसे राहत, पाळीपाळीने झोपत, परंतु गिरणीची सोबत सोडत नसत.

याचे पहिले कारण कामाच्या अनिश्चिततेत होते. गिरणीतील भरती जॉबरच्या हातात असे. बदली कामगाराला सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावे लागे. त्या दिवशी काम मिळाले तर मजुरी, न मिळाले तर परत. अशा माणसाला दूर राहणे परवडणारे नव्हते, कारण गाडीभाडे रोजचे आणि काम मात्र रोजचे नव्हते. दुसरे कारण उधारीचे होते. वाणी, खानावळवाली, पठाण सावकार, गावकीची खोली हे सर्व आधार ओळखीवर उभे होते आणि ओळख वस्तीत राहूनच टिकत असे. संपाच्या काळात हीच उधारी कामगाराला तारून नेत असे. तिसरे कारण असे की, कामगाराचे खरे घर गावी होते. मुंबईत मिळवलेला पैसा तो मुंबईतील भिंतींत घालत नव्हता. तो गावच्या शेतीवर, घराच्या छपरावर व बहिणीच्या लग्नावर खर्च होत असे. त्यामुळे 'मुंबईत घर घ्यावे का' हा प्रश्न त्याच्यापुढे उभाच राहिला नाही. प्रश्न होता तो फक्त 'खोली किती जवळ मिळेल' एवढाच.

२) रिकाम्या चाळी : बी.डी.डी.चा अनुभव

१८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीचा प्रश्न ऐरणीवर आला व १८९८ मध्ये सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, तसेच दादर-माटुंगा भागात नव्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी ही त्याची ठळक उदाहरणे होत. तथापि, या वसाहतींचा लाभ प्रामुख्याने पांढरपेशा वर्गाला झाला. १९१५ मध्ये गावदेवी येथे स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था हीदेखील याच वर्गाच्या पुढाकारातून उभी राहिली.

कामगारांसाठी मोठा प्रयत्न झाला तो १९२० मध्ये. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन करण्यात आले. पन्नास हजार गाळे बांधण्याची मूळ योजना होती. प्रत्यक्षात वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, ना. म. जोशी मार्ग येथे ३२ व शिवडी येथे १२ अशा एकूण २०७ चाळी बांधल्या गेल्या आणि त्यांत सुमारे साडेसोळा हजार गाळे निर्माण झाले. प्रत्येक गाळा सुमारे १६० चौरस फुटांचा होता.

गिरणगावात एका खोलीत दहा माणसे कोंबलेली असताना या नव्या चाळी भरावयास हव्या होत्या. परंतु घडले उलट. अनेक गाळे, विशेषतः वरळीचे, दीर्घकाळ रिकामे राहिले. ज्या शहरात घरांची टंचाई होती त्याच शहरात सरकारी घरांना भाडेकरू मिळेनात. वरळी त्या वेळी वस्तीपासून बाजूला पडलेली होती. तेथे बाजार नव्हता, उधार देणारा वाणी नव्हता, दिवाबत्ती अपुरी होती आणि भाडेही कामगाराला जड होते. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा उपयोग सत्याग्रहींना ठेवण्यासाठी तात्पुरता तुरुंग म्हणून करण्यात आला, ही बाब या योजनेच्या अपयशावर पुरेसा प्रकाश टाकते.

या प्रसंगाचे दोन अर्थ लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिला असा की, सरकारच्या दृष्टीने अंतर मैलांत मोजले जात होते. त्या हिशेबाने वरळी परळपासून फारशी दूर नव्हती. कामगार मात्र अंतर काम मिळण्याच्या शक्यतेत व उधार मिळण्याच्या खात्रीत मोजत होता. दुसरा अर्थ काळाने स्पष्ट केला. कालांतराने वस्ती वाढली, बाजार आले, बसगाड्या आल्या आणि ज्या चाळींत राहायला कोणी तयार नव्हते त्या पिढ्यान्‌पिढ्यांची घरे झाल्या. या चाळींच्या पुनर्विकासात वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. एकेकाळी 'दूर' ठरलेली वरळी आज शहरातील सर्वांत महाग भागांपैकी एक आहे. यावरून 'दूर' ही कल्पना भूगोलाइतकीच काळावर अवलंबून असल्याचे दिसून येते.

३) पास, पगार आणि पागडी : डोंबिवली-विरारची वाट

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेवर चालणारी पहिली गाडी धावली. १९२८ मध्ये पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. गाड्यांचा वेग व संख्या वाढली. मासिक व त्रैमासिक पासामुळे प्रवासाचा खर्च निश्चित झाला. रोज तिकीट काढणाऱ्याला जे अंतर महाग पडत असे, ते पासधारकाला स्वस्त पडू लागले. परंतु पास उपयोगी पडतो तो महिन्याचे पंचवीस दिवस कामावर जाणाऱ्याला. महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारा लिपिक, शिक्षक, बँक कर्मचारी हाच दूरच्या घराचा स्वाभाविक ग्राहक होता. बदली कामगाराला जे शक्य नव्हते, ते पगारदाराला शक्य झाले. पगार आणि पास या दोन गोष्टींनी उपनगराचा पाया घातला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

यात तिसऱ्या घटकाची भर घातली ती भाडे नियंत्रण कायद्याने. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर भाडी गोठवली. युद्धोत्तर महागाई व फाळणीनंतरचे निर्वासितांचे लोंढे पाहता या कायद्याची तत्कालीन आवश्यकता नाकारता येत नाही. जुन्या भाडेकरूला त्याने मोठे संरक्षण दिले. परंतु भाड्याने देण्यासाठी नवीन चाळी बांधण्यात मालकांना स्वारस्य उरले नाही. जी खोली रिकामी होई तिच्यासाठी पागडी मागितली जाऊ लागली. परिणामी, १९५० नंतर लग्न करून नवा संसार मांडणाऱ्या तरुणापुढे तीनच पर्याय उरले. वडिलांच्या खोलीत पडदा लावून राहणे, पागडी देऊन खोली मिळवणे किंवा दूर जाऊन मालकीची जागा घेणे. 'मुंबईचा जावई' (१९७०) हा मराठी चित्रपट चाळीतील नवविवाहितांच्या कुचंबणेवर बेतलेला होता व प्रेक्षकांना तो आपलाच अनुभव वाटला, हे या दृष्टीने बोलके आहे.

मालकीच्या सदनिकेला कायदेशीर चौकट मिळाली ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, १९६३ यांमुळे. बांधकाम व्यावसायिकाने नोंदणीकृत करार करणे व ग्राहकांची संस्था स्थापन करून देणे या कायद्याने बंधनकारक झाले. पैशाची जुळवाजुळव मात्र बराच काळ कुटुंबालाच करावी लागली. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, पतपेढीचे कर्ज, पत्नीचे दागिने, गावच्या जमिनीचा तुकडा, भावाकडून घेतलेले हातउसने पैसे या सर्वांतून एक ब्लॉक उभा राहत असे. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने एच.डी.एफ.सी. ही गृहकर्ज देणारी संस्था स्थापन झाली, १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली आणि पुढे दीर्घ मुदतीचे गृहकर्ज हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. उदारीकरणानंतर गृहकर्जाच्या व्याजावरील आयकर सवलत वाढली व कर्ज काढून घर घेणे ही धाडसाची नव्हे, तर शहाणपणाची गोष्ट मानली जाऊ लागली.

या सर्वांचा परिणाम जनगणनेत स्पष्ट दिसतो. मुंबई शहर म्हणजेच मूळ बेटाची लोकसंख्या १९५१ मध्ये २३.२९ लाख होती. ती १९८१ मध्ये ३२.८५ लाखांवर पोहोचली. नंतर तिची वाढ थांबली आणि २०११ मध्ये ती ३०.८५ लाख इतकी खाली आली. त्याच २०११ साली मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३.५७ लाख, तर तत्कालीन ठाणे जिल्ह्याची १ कोटी १० लाखांहून अधिक होती. कल्याण-डोंबिवली व वसई-विरार या दोन्ही महानगरपालिकांनी प्रत्येकी बारा लाखांचा टप्पा ओलांडला होता. कचेऱ्या, न्यायालये, मंत्रालय, घाऊक बाजार दीर्घकाळ दक्षिणेत राहिले आणि माणसे उत्तरेकडे गेली.

डोंबिवलीच्या बाबतीत एक गोष्ट विशेषत्वाने नमूद करावीशी वाटते. बी.डी.डी. चाळींप्रमाणे येथेही आरंभी सोयी नव्हत्या. पाणी, रस्ते, गटारे यांविषयीच्या तक्रारी अनेक दशके चालू राहिल्या. तरीही डोंबिवली भरली. गिरगाव-दादरहून आलेल्या कुटुंबांनी शाळा, वाचनालये, गणेशोत्सव, नाट्यसंस्था, पतपेढ्या उभारल्या. एकाच कचेरीतील चार-पाच सहकाऱ्यांनी एकाच इमारतीत जागा घेणे ही सर्रास आढळणारी गोष्ट होती. म्हणजेच ज्या ओळखीच्या जाळ्याअभावी वरळीच्या चाळी रिकाम्या राहिल्या, ते जाळे येथे कुटुंबांनी सोबत आणले.

४) काम घराकडे नेण्याचा प्रयत्न : नवी मुंबई

घर कामापासून दूर नेण्याऐवजी कामच घराजवळ नेता येईल काय, हा विचार १९६० च्या दशकात मांडला गेला. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना पुढे आणली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. शासकीय कचेऱ्या व व्यापार नव्या शहरात गेल्यास लोकांची रोजची ये-जा कमी होईल, अशी अपेक्षा होती. परंतु मंत्रालय जेथे होते तेथेच राहिले आणि त्याच काळात नरिमन पॉइंट येथे भराव घालून नव्या कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. वाशीला जाणारी रेल्वे सुरू झाली ती १९९२ मध्ये. तोवर नवी मुंबईत घर घेणाऱ्यांना खाडीपुलावरील बसवर विसंबून राहावे लागले. घाऊक बाजाराचे स्थलांतर, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा व पुढे माहिती तंत्रज्ञान उद्योग यांमुळे तेथे स्थानिक रोजगार वाढला, हे मान्य करावे लागेल. तथापि, कामाची जागा बदलण्याचा निर्णय शासन व उद्योजक घेतात. कुटुंबाच्या हाती फक्त घराची जागा असते, ही मर्यादा नवी मुंबईच्या इतिहासाने अधोरेखित केली.

५) अंतराची किंमत कोणी मोजली?

दूरच्या घराचा हिशेब मांडताना घराची किंमत, हप्ता व पास एवढेच धरले जाते. वेळ धरला जात नाही. घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत एका बाजूचे दीड तास धरले, तर दिवसाचे तीन तास होतात. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरता हे नऊशे तास होतात. आठ तासांचा एक कामाचा दिवस मानल्यास ही वर्षाकाठी सुमारे ११२ दिवसांची बिनपगारी मेहनत ठरते. तीस वर्षांच्या नोकरीत हे सत्तावीस हजार तास म्हणजे अहोरात्र मोजल्यास तीन वर्षांहून अधिक काळ होतो.

ही किंमत कुटुंबात समान वाटली गेली नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीला पहाटे डबे करून गाडी गाठावी लागे व परतल्यावर पुन्हा चुलीपाशी उभे राहावे लागे. गाडीत बसून भाजी निवडणाऱ्या स्त्रियांचे चित्र अनेकदा कौतुकाने रंगवले जाते. वस्तुतः घरातील काम प्रवासात उरकावे लागणे हा वेळेच्या टंचाईचा पुरावा आहे. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर खास महिलांसाठी गाडी सुरू झाली, ती नोकरदार स्त्रियांच्या वाढत्या संख्येमुळे व गर्दीतील त्यांच्या हालांमुळे. अनेक स्त्रियांनी मूल लहान असताना नोकरी सोडली किंवा घराजवळची कमी पगाराची नोकरी पत्करली. कुटुंबाने दूर घर घेतल्यामुळे बुडालेले हे वेतन कोणत्याही हिशेबात दिसत नाही. मुलांच्या बाबतीतही वडील म्हणजे रविवारी भेटणारी व्यक्ती, अशी स्थिती अनेक घरांत होती.

प्रसंगी ही किंमत जिवावर बेतणारी ठरली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा हजारो लोक रुळांवरून व पाण्यातून रात्रभर चालत घरी गेले किंवा कचेरीतच अडकले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या गाड्यांच्या दारात लटकणारे प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. अशा घटनांकडे केवळ अपघात म्हणून पाहता येत नाही. घर व काम यांतील अंतर रोज कापणाऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात प्रवासाची साधने वाढली नाहीत, याचा तो परिणाम आहे.

६) शेलू आणि वांगणी : जुनाच प्रश्न

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणी उद्योग कोसळला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या जीवनावर त्याचा परिणाम झाला. गिरण्यांच्या जमिनींच्या विकासासाठी १९९१ मध्ये नियम करण्यात आले. २००१ मधील बदलामुळे गृहनिर्माणासाठी मिळावयाच्या जमिनीचा वाटा मोठ्या प्रमाणात घटला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य ठरवला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत निघाली. परंतु अर्जदारांची संख्या दीड लाखाहून अधिक व मुंबईतील घरे काही हजार, असे हे व्यस्त प्रमाण होते.

या पार्श्वभूमीवर २०२४ मध्ये शेलू व वांगणी येथे कामगारांना घरे देण्याची योजना शासनाने पुढे आणली. ही ठिकाणे बदलापूरच्या पलीकडे असून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहेत. देऊ केलेले घर नाकारल्यास हक्क संपेल, ही अट विशेष रोषास कारण ठरली. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर कामगार व त्यांच्या वारसांनी आंदोलन करून मुंबईतच घरे देण्याची मागणी केली. त्या वेळी अनेकांनी प्रश्न केला की, ज्यांना घर नाही त्यांनी मिळेल तेथे घर का घेऊ नये? १९२० च्या दशकात वरळीच्या रिकाम्या चाळींकडे पाहून नेमका हाच प्रश्न विचारला गेला असणार. उत्तरही तेव्हासारखेच आहे. वृद्ध कामगाराचे रुग्णालय परळला आहे. मुलगा सुरक्षारक्षक, सून घरकाम करणारी, नातू अर्धवेळ माल पोहोचवणारा. ही सर्व कामे पुन्हा बदली कामगाराच्या कामासारखीच अनिश्चित आहेत. निश्चित पगाराशिवाय दूरचे घर पेलत नाही, ही बाब त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

निष्कर्ष :

१) मुंबईत दूर घर घेण्याचा निर्णय मूलतः कामाच्या निश्चिततेशी निगडित राहिला आहे. अनिश्चित कामाच्या काळात लोकांनी गैरसोय सोसून जवळीक पसंत केली. निश्चित पगाराच्या काळात अंतर स्वीकारले.

२) दूरचे घर ही पूर्णतः कुटुंबाची 'निवड' नव्हती. भाडे नियंत्रण कायद्यानंतर भाड्याच्या नव्या घरांचा पुरवठा आटला आणि मालकी हा एकमेव व्यवहार्य मार्ग उरला.

३) जेथे केवळ इमारती बांधल्या गेल्या तेथे घरे रिकामी राहिली, जेथे ओळखीची माणसे व संस्था सोबत आल्या तेथे सोयी नसतानाही वस्ती टिकली.

४) अंतर स्थिर नसते. वरळी व डोंबिवली ही दोन्ही ठिकाणे काळाच्या ओघात 'जवळ' आली. परंतु या बदलास लागलेली वीस-तीस वर्षे म्हणजे पहिल्या पिढीचे संपूर्ण नोकरीचे आयुष्य होते. नफा पुढच्या पिढीला मिळाला, किंमत पहिल्या पिढीने मोजली.

५) या किमतीचा मोठा वाटा स्त्रियांनी वेळेच्या, आरोग्याच्या व सोडलेल्या नोकरीच्या रूपाने उचलला. घराच्या व्यवहारात त्याची कोठेही नोंद होत नाही.

समारोप :

इतिहास कोणत्याही कुटुंबाला अमुक ठिकाणी घर घ्या, असे सांगू शकत नाही. मात्र निर्णयापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, हे तो निश्चितच सांगू शकतो. नोकरी किती वर्षे आणि कोठे टिकेल? प्रवासाचे तास घरातील कोणाच्या वाट्याला येतील? त्या ठिकाणी आपले म्हणावे असे कोण आहे? कर्जाची मुदत नोकरीच्या खात्रीपेक्षा मोठी तर नाही ना? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर ऐंशी किलोमीटरही पेलता येतात. नसतील, तर वरळीही दूर पडते.

प्रस्तुत अभ्यासकाच्या घरात दूरच्या ब्लॉकचा निर्णय झाला तेव्हा आईचे मत कोणी विचारल्याचे तिला आठवत नाही. जागा पाहायला वडील व काका गेले होते. पुढील सव्वीस वर्षे पहाटे साडेचार वाजता उठण्याचे काम मात्र तिने केले. आताच्या निर्णयात घरातील सर्वांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, वेळेचा हिशेब प्रथम मांडला जावा, एवढी अपेक्षा या अभ्यासातून व्यक्त करणे उचित ठरेल. गृहनिर्माण धोरण आखणाऱ्या शासनालाही हीच अपेक्षा लागू पडते. घरांची संख्या मोजताना त्या घरातून कामावर जाणाऱ्या माणसाचे तासही मोजले जाणे आवश्यक आहे.